स्तनातला कोणता बदल लगेच दाखवायचा आणि कशासाठी थांबलं तर चालतं?

रानजाई
नमस्कार मंडळी. गुडघेदुखी, थायरॉइड, केस गळणं यांवर इथे शेकड्यांनी प्रतिसाद आहेत. स्तनांच्या तक्रारींवर शोधलं तर एकही नीट धागा मिळाला नाही, म्हणून काढतेय.

निमित्त माझ्या धाकट्या जावेचं. ती सांगली जिल्ह्यात गावी असते, वय ३९. दिवाळीत सगळे जमलो होतो, तेव्हा रात्री भांडी आवरताना तिने मला हळूच सांगितलं, की डाव्या बाजूला काखेकडे काहीतरी कडक लागतंय. दोन पाळ्या येऊन गेल्या तरी तसंच आहे. "दुखत असतं तर गेले असते ओ ताई, दुखतच नाही तर काय सांगायचं डॉक्टरला?" त्यात आता ऊसतोड सुरू झालीय, टोळी दारात आहे, म्हणजे घरातून हलणं अवघड. कोणाला सांगायचं नाही असंही तिने बजावलंय.

मला विचारायचंय ते असं. दुखत नाही याचा अर्थ खरंच काळजी नाही असा होतो का? कोणता बदल थांबून बघण्यासारखा आणि कोणता नाही? आणि आधी जायचं कोणाकडे, स्त्रीरोगतज्ज्ञ की सर्जन की थेट कॅन्सरचं हॉस्पिटल? माझं स्वतःचं मत विचाराल तर दुखण्याची वाट बघत बसणं हाच आपल्या घरांतला सगळ्यात घातक रिवाज आहे. पण मला तिला पटवायचंय, नुसतं घाबरवायचं नाही.

तिखटमीठ
आधी तिला घेऊन जा. धागा आम्ही तोवर चालवतो.

शस्त्रकार
रानजाई, मी सर्जन आहे, नाशिकला. वय ३९, नवी गाठ, एकाच बाजूला, दोन पाळ्यांनंतरही जागेवर. एवढी माहिती पुरेशी आहे. याच आठवड्यात दाखवा.

तिला घाबरवायचं नसेल तर आधी हे सांगा, की माझ्याकडे गाठ घेऊन येणाऱ्या बहुतेक बायकांना कॅन्सर नसतो. तरुण मुलींत फायब्रोअॅडेनोमा असतो, बोटाखालून सटकणारी गुळगुळीत गाठ. पस्तिशी-चाळिशीनंतर पाण्याच्या गाठी म्हणजे सिस्ट सापडतात. पण हे ओळखणं तिच्या बोटांचं काम नाही, आणि खरं सांगायचं तर नुसतं माझ्या बोटांचंही नाही. म्हणून तपासणी तीन पायऱ्यांची असते: हाताने तपासणं, मग सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) किंवा दोन्ही, आणि गरज वाटली तर सुईने तुकडा. तिन्हींचा मेळ बसला की मगच आम्ही 'काही नाही' असं म्हणतो.

दुखण्याचं म्हणाल तर गणित उलटं आहे. सुरुवातीचा स्तनाचा कॅन्सर बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणून बाई येत नाही, आणि दुखायला लागल्यावर येते तेव्हा गाठ सुपारीएवढी राहिलेली नसते.

थांबून बघण्यासारखं काय? पाळीच्या आधी दोन्ही बाजूंना जडपणा, हुळहुळणं, हाताला गुठळ्या-गुठळ्या लागणं, आणि पाळी येऊन गेल्यावर हे सगळं ओसरणं. हे हार्मोन्सचं असतं. ओसरलं नाही, एकाच जागी वेगळं काही लागत राहिलं, तर दाखवायचं. पाळी बंद झालेल्या बाईने मात्र नव्या गाठीसाठी एक महिनाही थांबू नये.

गाठीखेरीज बघायच्या गोष्टी: कातडीला खळगा पडणं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी जाड आणि छिद्रं-छिद्रं दिसणं, पूर्वी बाहेर असलेलं स्तनाग्र आत ओढलं जाणं (जन्मापासून आत असेल तर ते वेगळं), स्तनाग्रावर खपली किंवा इसबासारखं काही येऊन मलमांनी बरं न होणं, न दाबता आपोआप एकाच बाजूने रक्त किंवा पाण्यासारखा स्राव येणं, काखेत गाठ, आणि पूर्ण स्तन लाल, गरम, सुजलेला होणं. यातल्या शेवटच्याला बऱ्याचदा 'पू झालाय' म्हणून अँटिबायोटिक मिळतं. ते संपूनही उतार नसेल तर आणखी एक कोर्स घेत बसू नका, पुढच्या तपासण्या करून घ्या.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आधी गेलात तरी चालेल, त्या तपासून पाठवतील. पण पुढचं काम सर्जनचं. मोठ्या शहरात फक्त स्तनविकार बघणारे सर्जन असतात, ते मिळाले तर उत्तम.

भिजपाऊस
माझी गोष्ट नेमकी उलटी. गाठ वगैरे काही नाही, पण डाव्या बाजूला कळ येते. कधी पाळीआधी, कधी अशीच. रात्री झोप लागत नाही, दुखण्यापेक्षा विचारांनीच जास्त.

शस्त्रकार
@भिजपाऊस, नुसत्या दुखण्यामागे कॅन्सर क्वचित निघतो. एकदा तपासून घ्या, म्हणजे झोप लागेल. बऱ्याचदा दुखणं स्तनाचं नसून बरगडीच्या सांध्याचं किंवा स्नायूचं असतं, तिथे दाबलं की तीच कळ येते. मापाची, आधार देणारी ब्रा घालून बघा, त्यानेच पुष्कळ जणींना आराम पडतो. मात्र बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी सतत दुखत असेल, तर मी सोनोग्राफी करून घेतो.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या अकोल्याच्या मावशीचं सांगते. तिला गाठ हाताला लागलीच नव्हती. ब्लाऊज शिवणारी बाई म्हणाली, "काकू, या खेपेस डावीकडून माप वेगळं येऊन राहिलं." मावशीने हसण्यावारी नेलं. मग न्हाणीत हात वर करून केस धुताना सुनेला दिसलं, की हात खाली असताना काही नाही, पण हात वर गेला की खालच्या बाजूला कातडी आत ओढली जाते, एक बारीक खळगा. सुनेने त्याच संध्याकाळी रिक्षा केली. कॅन्सरच होता, पण लहान. ऑपरेशन झालं, किरणं झाली, आता गोळी चालू आहे. यंदा तिने स्वतः कुरड्या घातल्या अन् आम्हाला सगळ्यांना पुरल्या बाप्पा.

आणखी एक. तिला गल्लीतल्या दोघीतिघींनी सांगितलं होतं, की सुई टोचली की कॅन्सर अंगभर पसरतो. त्या पायी ती अडून बसली होती. यावर डॉक्टरांनी लिहावं.

शस्त्रकार
तपासणीच्या सुईने कॅन्सर अंगभर पसरतो हे खरं नाही. हा समज इतका खोल आहे, की बायका गाठ घेऊन वर्ष काढतात पण सुई घेत नाहीत. त्या वर्षात आजार मात्र पसरू शकतो आणि दोष सुईला लागतो.

तुमच्या मावशीच्या सुनेने जे पाहिलं ते आम्हीही मुद्दाम करून बघतो. बाईला बसवून हात खाली, मग डोक्यावर, मग कमरेवर हात रोवून जोर द्यायला सांगतो. मग आडवं झोपवून, त्या बाजूच्या खांद्याखाली उशी आणि हात डोक्यामागे. काख आणि गळ्याच्या हाडाच्या वरची जागासुद्धा तपासायची असते. अंगावरचा कपडा न काढता वरवर हात फिरवून कोणी 'काही नाही' म्हणालं, तर ती तपासणी झाली नाही असं समजा.

तर्कट
एक वेगळी बाजू मांडतो. दर महिन्याला स्वतः तपासा, असं सगळीकडे सांगतात. पण शांघायमध्ये कापडगिरण्यांतल्या २,६६,०६४ बायकांवर मोठा अभ्यास झाला होता, त्याचा निकाल २००२ मध्ये आला. स्वतः तपासायला शिकवलेल्या बायकांत कॅन्सरने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. उलट साध्या गाठींच्या बायोप्स्या, म्हणजे तुकडा काढून तपासण्या, वाढल्या. मग आपण बायकांना उगाच घोर लावतोय असं नाही का?

पायवाट
@तर्कट, मी आशा गटप्रवर्तक आहे, मराठवाड्यात. तुमचा अभ्यास खरा असेल. पण माझ्या भागात बायोप्स्या जास्त झाल्या म्हणून बाई दगावलेली मी पाहिली नाही. जखम झाल्यावर, वास यायला लागल्यावर आणलेली बाई पाहिली आहे. तिच्या सुनेलाही माहीत नव्हतं.

शस्त्रकार
दोघांचंही म्हणणं ऐकण्यासारखं आहे. शांघायचा अभ्यास ठरावीक वेळी, ठरावीक पद्धतीने करायच्या परीक्षेचा होता. म्हणून आता 'महिन्याला परीक्षा कराच' असा आग्रह पुष्कळ ठिकाणी सोडलाय. आपलं नेहमीचं काय हे बाईला माहीत असावं आणि वेगळं दिसलं की तिने दाखवावं, एवढंच सांगतात. ज्यांना हाताने बघायचं असेल त्यांनी पाळी संपल्यावर दोन-चार दिवसांनी बघावं, तेव्हा स्तन मऊ असतात.

पण तर्कट, आपल्याच मुंबईतला अभ्यासही वाचा. टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांवर बायका, त्यातल्या निम्म्या वस्त्यांत दहावी शिकलेल्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासायच्या. २० वर्षांचा निकाल २०२१ मध्ये आला. तपासणी झालेल्या वस्त्यांत आजार आधीच्या टप्प्यात सापडला. सगळ्या वयांचा मिळून मृत्यूंतला फरक ठामपणे सांगण्याएवढा नव्हता, पण पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. यंत्र नाही, फक्त शिकवलेले हात. आपल्यासारख्या देशात हे फार मोलाचं आहे.

आणि शांघायच्या अभ्यासातली चिंता आहे ती जादा तपासण्यांची. ग्लोबोकॅन म्हणजे कॅन्सरच्या जागतिक आकडेवारीच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात स्तनाच्या कॅन्सरच्या वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू. आपल्याकडची मोठी अडचण उशिरा येण्याची आहे.

तर्कट
मुंबईचा अभ्यास माहीत नव्हता, वाचतो. शिकवलेल्या हातांचा मुद्दा मान्य.

पायवाट
आमच्याकडे कसं चालतं ते लिहिते, कोणाला तरी उपयोगी पडेल. तिशीच्या पुढच्या बायकांची बीपी, शुगर यांच्यासोबत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. उपकेंद्रात, म्हणजे आता पाटी 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी असते, तिथे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. बीपीला रांग लागते. स्तन तपासायचे म्हटलं की अर्ध्या जणींना चुलीवर दूध ठेवलेलं आठवतं. मग आम्ही गावातल्या एखाद्या धीट आजीला आधी आत पाठवतो. ती बाहेर येऊन म्हणते, "काई नाही गं, दोन मिनिटांचं काम हाय," की मागून आठ-दहा जणी उठतात. पडदा आणि आत बाईच असणं, या दोन गोष्टी नसतील तर शिबिराचा उपयोग नाही. मी तपासणीआधी पडदा बांधून घेतल्याशिवाय हलत नाही.

रानजाई, तुमच्या जावेला आधी गावच्या उपकेंद्रात दाखवायचं असेल तर दाखवा, पण गाठ हाताला लागतेच आहे तर सरळ सर्जन गाठा, एक टप्पा वाचेल.

फणसगरे
सगळेच जण लगेच सुया आणि यंत्रांवर का जातात? आमच्याकडे गाठीवर एरंडाचं पान गरम करून बांधतात. माझ्या वहिनीची गाठ त्याने विरली. आधी महिनाभर हे करून बघायला काय हरकत आहे?

वऱ्हाडी_ठेचा
हरकत महिनाभराचीच आहे. पाण्याची गाठ आपली आपण विरते, श्रेय पानाला जातं. पान बांधायचं तर बांधा, पण सोनोग्राफी करून आल्यावर.

टेम्सकाठी
इंग्लंडमधून लिहितेय. इथे ३० किंवा त्यापुढचं वय आणि कारण न कळलेली गाठ असेल, तर जीपीने (इथल्या फॅमिली डॉक्टरने) तातडीने स्तन क्लिनिककडे पाठवायचं असा नियमच आहे. मी गेले तेव्हा एकाच सकाळी तपासणी, मॅमोग्राम, सोनोग्राफी झाली आणि सिस्ट आहे असं तिथेच सांगितलं. नर्सने सुईने पाणी काढलं आणि गाठ माझ्या हाताखाली नाहीशी झाली. पन्नाशीनंतर दर तीन वर्षांनी मॅमोग्रामचं बोलावणं घरी येतं, ७१ व्या वाढदिवसापर्यंत. आईला मिरारोडला हे सगळं मीच फोनवरून आठवण करून देते. ती म्हणते, "तुझ्या राजाचं पत्र मला नाही येत!"

सोनचाफा
मॅमोग्रामची फार भीती असते म्हणून लिहिते. मी गेल्याच महिन्यात केला. त्या दिवशी काखेत डिओडरंट किंवा पावडर लावू नका, त्याचे कण फिल्मवर पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात. कुडता-सलवार किंवा साडी असं वरचं वेगळं काढता येईल ते घाला. यंत्रात स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबतात, एकदा वरून-खाली, एकदा तिरकं, प्रत्येक वेळी काही सेकंद. दुखतं, पण मोजून तेवढंच. पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात केलं तर कमी दुखतं. माझ्या पुढे एक आजी होत्या, त्या तंत्रज्ञ मुलीला म्हणाल्या, "अगं बाई, पापड लाटतेस का काय!" ती मुलगी इतकी हसली की फोटो पुन्हा काढावा लागला.

एक प्रश्न: महिला दिनाला बऱ्याच लॅब 'थर्मल स्कॅन, दाबणं नाही, दुखणं नाही' असं पॅकेज देतात. ते चालतं का?

शस्त्रकार
थर्मोग्राफी मॅमोग्रामची जागा घेऊ शकत नाही. अमेरिकेच्या एफडीएनेही (औषधं आणि उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) तसा इशारा दिलेला आहे. पैसे तिथे घालवू नका.

दुसरं, गाठ हाताला लागत असताना मॅमोग्राम 'नॉर्मल' आला म्हणून घरी जायचं नाही. तरुण वयात स्तन घट्ट असतात, फिल्मवर सगळंच पांढरं दिसतं आणि गाठ त्यात लपते. म्हणून कमी वयात आम्ही सोनोग्राफी आधी करतो.

नवी_पालवी
माझं बाळ चार महिन्यांचं आहे. दूध साठून गाठ झाली, ताप आला, मालिश आणि शेकाने उतरलं. पण एक छोटी गाठ राहिलीये. सगळे म्हणतात दुधाचीच आहे, दूध सुटलं की जाईल.

शस्त्रकार
बहुधा दुधाचीच असेल. पण दूध सुटायची वाट बघू नका. सोनोग्राफी स्तनपान चालू असतानाही निर्धास्त करता येते, आधी बाळाला पाजून जा. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना कॅन्सर होतच नाही असं नाही, आणि नेमक्या याच काळात तो 'दुधाची गाठ' म्हणून अंगावर काढला जातो.

बांधावरचा
पुरुषांनी या धाग्यात बोलावं की नाही कळत नाही, तरी विचारतो. माझ्या वडिलांच्या एका बाजूच्या स्तनाग्रामागे कडक लागतंय. वय ६६. ते म्हणतात, पुरुषांना असलं काही नसतं.

शस्त्रकार
असतं. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभरात साधारण एक रुग्ण पुरुष असतो. हार्मोन्समुळे किंवा काही औषधांमुळे पुरुषांची स्तनग्रंथी वाढते ते जास्त सापडतं. पण ६६ वय, एकच बाजू, कडक. दाखवा. आणि बोललात ते बरं केलंत.

मांडवी
आमच्या गोंयांत आरोग्य खात्याने २०२१ मध्ये 'स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा' सुरू केलं होतं. हातात मावणाऱ्या यंत्राने आरोग्य केंद्रातच तपासायचे, शंका आली तर पुढे सोनोग्राफीला पाठवायचे. माझी आई त्यात गेली, तिच्यासोबत शेजारच्या तिघी. एकटीला नेण्यापेक्षा चौघींना न्या, लाज वाटून जाते.

आमच्याकडे आजी आणि मावशी दोघींना झाला होता. आम्ही बहिणींनी वेगळं काही करायचं का?

शस्त्रकार
हो. आईच्या किंवा वडिलांच्या, कोणत्याही बाजूला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर, विशेषतः पन्नाशीच्या आत झालेला असेल तर जनुकीय सल्लागाराला भेटा. दहातल्या एखादीतच तो आनुवंशिक असतो, पण बीआरसीए या जनुकात (त्यातल्या दोषाने हे कॅन्सर घराण्यात येतात) दोष निघाला तर तपासण्या लवकर सुरू करतात, एमआरआयही करतात. उलट बाजूने, घरात कोणालाच नव्हता म्हणून मला होणार नाही, असं मात्र धरून चालू नका. बहुतेक रुग्णांच्या घरात आधी कोणालाच नसतो.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. काल मिरजेला जाऊन आलो.

तिला पटवायला मी डॉक्टरांचा पहिला प्रतिसाद फोनवरून वाचून दाखवला. ती गप्प. मग तिनेच सासूबाईंना सांगितलं, आणि ज्यांची तिला सगळ्यात धास्ती होती त्याच म्हणाल्या, "ऊस मी बघते, टोळीचा चहा मी करते, तू उद्या मिरजेला जा." दिरांना त्यांनीच गाडी काढायला लावली.

सर्जन बाईंनी शस्त्रकारांनी लिहिलंय तसंच नीट तपासलं. मग मॅमोग्राम आणि सोनोग्राफी. रिपोर्टवर 'बीआय-रॅड्स ४ए' लिहिलंय. त्या म्हणाल्या तुकडा घ्यावा लागेल, आणि लगेच घेतला. जागा बधिर करून ट्रूकटची सुई, खट्ट असा आवाज येतो त्याने ती दचकली, बाकी फार दुखलं नाही म्हणाली. टाका नाही, पट्टी लावून संध्याकाळी घरी. रिपोर्टला आठवडा लागेल.

४ए म्हणजे नक्की किती काळजी? आणि गावातले एक डॉक्टर म्हणतायत, "रिपोर्ट कशाला, आधी गाठ काढून टाकू, मग तपासायला पाठवू." दिरांना ते पटतंय.

शस्त्रकार
बीआय-रॅड्स म्हणजे मॅमोग्राम-सोनोग्राफीवरून संशय किती ते सांगणारी श्रेणी. ४ए म्हणजे संशय आहे पण कमी. या गटात कॅन्सर निघायचं प्रमाण २ ते १० टक्के धरतात. म्हणजे बहुतेक साधंच निघतं, पण तुकडा घेणं बरोबरच होतं.

दिरांना माझ्या वतीने सांगा, रिपोर्टआधी गाठ काढू नका. ती कॅन्सरची निघाली तर अर्धवट ऑपरेशन झालेलं असतं, कडेला आजार राहतो, काखेचा विचार झालेला नसतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. कधी औषधं आधी देऊन गाठ लहान करतात आणि स्तन वाचवतात, ती संधीही हातची जाते.

रिपोर्ट साधा आला तर सर्जनना एवढंच विचारा, की सोनोग्राफीत जे दिसलं त्याच्याशी हा जुळतो का. जुळला तर सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचं. जुळला नाही तर पुन्हा तुकडा. कॅन्सर आला तर त्याच तुकड्यावर ईआर, पीआर (गाठ हार्मोन्सवर वाढते का) आणि हर-टू (या नावाचं प्रथिन जास्त आहे का) या चाचण्या करून घ्या, आयएचसी म्हणतात त्याला. त्यावरून औषध ठरतं. लॅबकडून ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि स्लाइड्स (त्याचे काचेवरचे काप) मागून फाइलला ठेवा, दुसरीकडे मत घ्यायचं झालं तर त्या लागतातच.

पायवाट
खर्चाचं: महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याच्याकडे जा. कोणत्या तपासण्या योजनेत आणि कोणत्या खिशातून, हे पैसे भरायच्या आधी विचारून घ्या.

रानजाई
दिरांना वाचून दाखवलं. गाठ काढायचं थांबवलंय. तिची मोठी नणंदही आज म्हणाली, की मलाही एकदा दाखवायचंय, पुढच्या खेपेला मीपण येते.

सोनचाफा
घेऊनच जा तिला. आणि पुढे परळला टाटा हॉस्पिटलमध्ये यावं लागलं तर हॉटेल शोधू नका. माझं घर दादरला आहे, दोन खोल्या रिकाम्या आहेत. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवते.